मॅस्टोडॉनवर रुळायला किती दिवस लागले तुम्हाला? आणि मोबाइलवर कुठलं अ‍ॅप?

सहाबावन_स्लो | ९ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मॅस्टोडॉनवर, म्हणजे ट्विटरसारख्या पण एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या सोशल साइटवर, खातं काढून तीन आठवडे झाले. आधीच्या साइटवर १२ वर्षं होतो, डोंबिवली ते सीएसएमटी प्रवासातला निम्मा वेळ तिथेच जायचा. पण गेल्या वर्षभरात असं व्हायला लागलं की ज्यांना मुद्दाम फॉलो केलंय त्यांचं काहीच दिसत नाही आणि ज्यांच्याशी आपलं घेणंदेणं नाही अशी माणसं भांडताना दिसतात, सकाळी गाडीत बसतानाच डोकं तापलेलं. म्हणून सोडलं.

आता इथली गंमत ऐका. खातं काढायच्या आधीच विचारतात सर्व्हर कुठला, त्यातच दोन दिवस गेले, शेवटी एक छोटासा बरा वाटला तो घेतला. आत गेलो तर सगळं रिकामं. नव्या घरात सामान यायच्या आधी बोललं की आवाज घुमतो ना, तसं. चार पोस्टी टाकल्या, एकाही माणसाने ओ दिली नाही. त्यात अ‍ॅप कुठलं घ्यायचं हे कळेना, मी तीन टाकून बघितली, प्रत्येकाचं तोंड वेगळं, एकात दिसणारं बटण दुसऱ्यात नाही. एका अ‍ॅपमध्ये तर नोटिफिकेशन ठाण्याला यायला हवं ते दादरला येतं.

मला मनापासून तिथे राहायचंय. जे आधी गेलेत त्यांनी सांगा, कसे रुळलात? आणि मराठी माणसं तिथे नक्की बसतात कुठे?

---

पाणीकमचहा | ९ जून, रात्री १०:३१

वाचतेय. मलाही हाच प्रश्न आहे, खातं काढून सहा महिने रोमात (नुसती वाचत) आहे.

---

ठाणेकाका | ९ जून, रात्री १०:५८

अहो कशाला हे सगळं. मी एका देशी साइटवर मराठीतून रोज लिहायचो, साडेतीनशे-चारशे वाचक जमले होते, लोकं वाट बघायची. एक दिवस साइटच बंद. लिहिलेलं सगळं गेलं. त्या दिवसापासून ठरवलं, आता नवीन ठिकाणी बिऱ्हाड न्यायचं नाही. आमचा जुन्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बरा, कोण कुठे आहे ते माहीत असतं.

---

गिरगावची_मी | ९ जून, रात्री ११:४०

काका, तुमचं दुःख समजतं पण तुम्ही जे सांगताय तेच तर मॅस्टोडॉनवर जायचं कारण आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, कू जुलै २०२४ मध्ये. प्रत्येक वेळी मालक एक, दार एक, आणि मालकाने कुलूप लावलं की सगळे रस्त्यावर. मॅस्टोडॉनला एक मालक नाही. ओयगेन रॉख्को नावाच्या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये ते सुरू केलं, सॉफ्टवेअर खुलं आहे, कुणीही आपल्या सर्व्हरवर चालवावं. एक सर्व्हर बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात.

मी २०१९ च्या अखेरीस गेले. आठवत असेल, सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं होतं आणि त्यावरून भारतातून खूप लोक एकदम मॅस्टोडॉनवर आले होते. पंधरा दिवस नुसती जत्रा! कुणी तमिळमधून लिहितंय, कुणी मल्याळममधून, मीही मराठीतून लिहायला लागले. आणि महिन्याभरात निम्म्याहून जास्त परत गेले. का गेले ते मी खूप दिवस विचार करत होते. मला वाटतं ते तिथे जाऊन वाट बघत बसले. आधीच्या ठिकाणी सवय अशी लागलेली की आपण बसायचं आणि समोर ताट येतं. इथे वाढायला कुणी नाही. उठून स्वयंपाकघरात जावं लागतं. ज्यांनी दुसऱ्यांच्या पोस्टींना उत्तरं लिहिली ते टिकले, ज्यांनी फक्त स्वतःच्या पोस्टी टाकल्या ते गेले.

धागाकर्त्यांना प्रश्न: तीन आठवड्यांत तुम्ही किती अनोळखी माणसांना उत्तर लिहिलं?

---

सहाबावन_स्लो | ९ जून, रात्री ११:५२

एकालाही नाही. खरंच सांगतो. मला वाटलं ओळख नसताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

---

गिरगावची_मी | १० जून, सकाळी ७:०५

बरं दिसतं! तिथे तीच रीत आहे.

---

खारीबिस्किट | १० जून, सकाळी ९:२०

सर्व्हरचं कोडं सोडवून टाकतो, कारण रिकामं का दिसतं त्याचं खरं कारण त्यात आहे.

सर्व्हर म्हणजे हौसिंग सोसायटी समजा. प्रत्येक सोसायटीची कमिटी वेगळी, नियम वेगळे, कुठे कुत्रा चालतो कुठे नाही. पण तुम्ही कांदिवलीच्या सोसायटीत राहा नाहीतर चेंबूरच्या, पत्र सगळीकडे जातं, कारण पत्त्यात तुमचं नाव आणि सोसायटीचं नाव दोन्ही असतं. ही पत्रं ज्या ठरलेल्या पद्धतीने जातात तिचं नाव अ‍ॅक्टिव्हिटीपब, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये ती मान्य केली. म्हणून मॅस्टोडॉनवरून पिक्सेलफेडवरचे फोटो किंवा पीअरट्यूबवरचे व्हिडिओ टाकणाऱ्याला पण फॉलो करता येतं, वेगळं खातं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. बाहेरच्या माणसाच्या पोस्टी तुमच्या सर्व्हरवर कधी येतात? तर तुमच्या सोसायटीतल्या निदान एकाने तरी त्याला फॉलो केलं असेल तेव्हा, किंवा कुणीतरी बूस्ट केलं, म्हणजे ती पोस्ट पुढे पाठवली, तर. सर्व्हर छोटा असेल, लोक कमी, तर बाहेरून येणारी टपाल पण कमी. हॅशटॅग शोधलात तरी तुमच्या सर्व्हरपर्यंत जेवढं पोचलंय तेवढंच सापडणार. म्हणजे मराठी माणसं नाहीत असं नाही, ती तुमच्या गेटपर्यंत आली नाहीत. एखाद्याची पोस्ट अर्धवट उत्तरांसकट दिसते, लाइकचा आकडा तुमच्याकडे ३ आणि त्याच्याकडे ४०, ते पण यामुळेच. पोस्ट मूळ सर्व्हरवर उघडायची, सगळं दिसतं.

त्यामुळे पहिला सर्व्हर मध्यम किंवा मोठा घेतलेला बरा. नंतर हलता येतं.

---

माहीमकर | १० जून, सकाळी ९:३४

सोसायटीचं उदाहरण चोख. आमच्या सोसायटीत तर पाण्याच्या टाकीवरून दोन गट आहेत, तसं तिथेही असतं का?

---

खारीबिस्किट | १० जून, सकाळी ९:४१

असतं ना! एखाद्या सर्व्हरवर शिवीगाळ फार झाली तर दुसऱ्या सर्व्हरचा अ‍ॅडमिन त्याच्याशी संबंधच तोडतो, मग तिथलं काहीच इकडे येत नाही. म्हणून सर्व्हर घेताना त्याच्या माहितीच्या पानावर कुणाकुणाशी संबंध तोडलेत ती यादी दिली असेल तर ती वाचायची, त्यावरून कमिटी कशी आहे ते कळतं.

---

ठाणेकाका | १० जून, दुपारी १:१५

आणि सेक्रेटरी कंटाळला की? मेंटेनन्स कोण भरतं? फुकटची सोसायटी किती दिवस चालणार?

---

खारीबिस्किट | १० जून, दुपारी २:०२

काका प्रश्न एकदम बरोबर आहे आणि यावर गोड बोलून चालणार नाही. बरेचसे सर्व्हर एक-दोन माणसं आपल्या खिशातून आणि लोकांच्या देणगीतून चालवतात. माणूस थकतो, आजारी पडतो, बिल परवडत नाही, बंद करतो. माझा पहिला सर्व्हर असाच बंद झाला. पण त्याने तीन महिने आधी सांगितलं. मी दुसरीकडे खातं काढलं, जुन्या खात्यातून हलवा म्हणून सांगितलं आणि माझे सगळे फॉलोअर आपोआप नव्या पत्त्यावर आले, मला कुणाला कळवायलाही लागलं नाही. मी ज्यांना फॉलो करत होतो ती यादी फाइलमध्ये उतरवून नव्या ठिकाणी चढवली. जुन्या पोस्टी मात्र येत नाहीत, त्या मागेच राहतात. त्यांची प्रत डाउनलोड करून ठेवता येते, मी दर दोन महिन्यांनी करतो.

न सांगता बंद झाला तर हलता येत नाही, हेही सांगून ठेवतो. म्हणून यादी उतरवून ठेवायची सवय आजच लावा. आणि ज्या सर्व्हरवर राहता त्याला महिन्याला एका वडापावचे का होईना पैसे द्या.

---

ठाणेकाका | १० जून, दुपारी २:३०

फॉलोअर आपोआप आले हे मला माहीत नव्हतं. हम्म.

---

पक्षीवेडा | १० जून, संध्याकाळी ७:४८

मी वर्षभर तिथे आहे आणि मला रिकामं कधीच वाटलं नाही, कारण मी माणसं शोधलीच नाहीत, टॅग फॉलो केले. नोव्हेंबर २०२२ पासून मॅस्टोडॉनवर टॅगला पण माणसासारखं फॉलो करता येतं. पक्ष्यांचे दोन-तीन टॅग फॉलो केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कॉटलंडमधल्या बाईंच्या अंगणातला रॉबिन, जपानमधला किंगफिशर, सगळं हजर. मी ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो टाकले तर जर्मनीतल्या एका आजोबांनी विचारलं, एवढ्या मोठ्या शहरात हे राहतात कुठे? मग मी त्यांना भांडुप पंपिंग स्टेशन, शिवडीचा चिखल, २०२२ मध्ये खाडीला पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, सगळं सांगत बसलो. भांडुपला आलो आणि उतरायचंच विसरणार होतो!

मराठीसाठी पण तेच करा. मराठी हा टॅग देवनागरीत फॉलो करा, मुंबई हा पण करा. आणि पोस्ट लिहिताना भाषा मराठी निवडा, खाली छोटंसं बटण असतं, बहुतेक जण ते इंग्रजीवरच ठेवतात. भाषा बरोबर लावली की भाषेनुसार गाळून वाचणाऱ्यांना तुम्ही दिसता.

---

चाफेकळी | १० जून, रात्री ९:१०

रच्याकने (जाता जाता), खात्याचा पत्ता मराठीत ठेवता येत नाही याचं मला वाईट वाटतं. दिसणारं नाव देवनागरीत चालतं, पण पत्ता रोमन अक्षरांतच.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी नीट लक्षात ठेवा, विशेषतः बायकांनी. तिथे वेगळी इनबॉक्ससारखी बंद खोली नाही. खासगी मेसेज म्हणजे साधी पोस्टच, फक्त ज्यांचा उल्लेख केलाय त्यांनाच दिसणारी. मी मैत्रिणीला खासगीत ऑफिसमधल्या एका माणसाबद्दल लिहीत होते आणि तो कोण ते कळावं म्हणून त्याचा पत्ता मध्ये टाकला. गेला ना मेसेज त्यालाही. फार मनस्ताप झाला, महिनाभर कँटीनमध्ये समोर बसणं नको वाटायचं. शिवाय ते मेसेज दोन टोकांमध्ये कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला तांत्रिकदृष्ट्या बघता येतात. खासगी बोलायचं असेल तर सिग्नल अ‍ॅप वापरा.

---

माहीमकर | १० जून, रात्री ९:२२

बापरे. हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

---

बाराबलुतेदार | १० जून, रात्री १०:०५

एवढा त्रास घेण्यापेक्षा ब्लूस्काय बघा, तीही ट्विटरसारखीच साइट. फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्यांना खुलं आहे, सर्व्हर निवडायची भानगड नाही, आत गेलं की लगेच माणसं. तेही विकेंद्रितच आहे, त्यांच्या पद्धतीला एटी प्रोटोकॉल म्हणतात.

---

गिरगावची_मी | १० जून, रात्री १०:४४

माझं तिथेही खातं आहे आणि रुळायला ते सोपं आहे हे मान्य. पण तिथले बहुतेक लोक अजून एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. रस्ते वेगळे करता येतील अशी सोय आहे, पण आत्ता तरी गर्दी एकाच पुलावर. मुंबईकरांनी एकाच पुलावर गर्दी होऊ देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

---

बाराबलुतेदार | १० जून, रात्री १०:५१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

बाराबलुतेदार | १० जून, रात्री १०:५९

रागात लिहिलं होतं म्हणून काढलं. मुद्दा एवढाच की सामान्य माणसाला दारातच सर्व्हर विचारला तर तो परत जातो. माझी बायको अशीच परत गेली.

---

गिरगावची_मी | १० जून, रात्री ११:०३

ते मात्र खरं आहे. माझी आई तर हत्तीचं चित्र बघून म्हणाली, गणपतीचं अ‍ॅप का गं? तिच्यासाठी सर्व्हर मीच निवडला, खातं काढून दिलं, आणि पाच माणसं फॉलो करून दिली. आता रोज रांगोळी टाकते. ओळखीच्या कुणीतरी हात धरून आत न्यायला हवं, दुसरा उपाय मला दिसत नाही.

---

लोअरपरळ | ११ जून, सकाळी ८:५५

अ‍ॅपचं कुणी बोलतच नाहीये, तर मी सांगतो. अँड्रॉइडवर मी टस्की वापरतो. त्यात वरचे टॅब आपल्याला हवे तसे लावता येतात, मी एक टॅब मराठी टॅगचा, एक घरचा, एक यादीचा असे लावलेत. मस्जिद आणि सीएसएमटीच्या मध्ये रेंज गेली आणि पोस्ट पाठवता आली नाही तर ती मसुद्यात जाऊन बसते, हरवत नाही. फोटोंचे प्रीव्ह्यू बंद करता येतात, डेटा वाचतो. मॅस्टोडॉनचं अधिकृत अ‍ॅप नव्या माणसाला सोपं आहे, पण सुरुवातीला त्यात लोकल टाइमलाइन (आपल्याच सर्व्हरवरच्या लोकांच्या पोस्टी) दाखवतच नव्हते, म्हणून त्यावरूनच मेगालोडॉन नावाचं दुसरं अ‍ॅप काढलं गेलं, त्यात हे सगळं आहे. आयफोनवाल्यांना आयव्हरी आहे, ट्विटरसाठीचं ट्वीटबॉट ज्यांनी केलं होतं त्यांचंच, पण पैसे पडतात. आइस क्यूब्ज खुलं आहे.

धागाकर्ते, नोटिफिकेशन दादरला का येतं: अँड्रॉइडवरची काही अ‍ॅप्स गूगलची सेवा न वापरता दर १५ मिनिटांनी स्वतः जाऊन बघून येतात, काही आलंय का. म्हणून उशीर. युनिफाइडपुश (गूगलशिवाय नोटिफिकेशन पोचवायची पद्धत) यासाठी एनटीएफवाय नावाचं छोटं अ‍ॅप टाकलं तर लगेच येतं. आणि फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये अ‍ॅपला मोकळीक द्या, नाहीतर फोनच त्याला झोपवतो. पण खरं सांगू, मी तो उशीर तसाच ठेवलाय. १५ मिनिटं उशिरा कळल्याने माझं काही अडलं नाही.

---

पाणीकमचहा | ११ जून, सकाळी ९:१२

बाडीस (पूर्ण सहमत). शेवटच्या वाक्याला विशेष.

---

कानसेन | ११ जून, रात्री ८:३०

मी इथे फारसा लिहीत नाही पण या धाग्यावर लिहायलाच हवं.

मला दिसत नाही. फोर्टला बँकेत नोकरी करतो, फोन टॉकबॅकवर चालवतो, म्हणजे फोन मला सगळं वाचून दाखवतो. इतर ठिकाणी माझा अनुभव काय, तर कुणीतरी फोटो टाकतो, खाली शंभर जण वा वा म्हणतात, आणि माझ्या कानात येतं फक्त ‘चित्र’. कशाचं चित्र? माहीत नाही. लग्नाचं, अपघाताचं, मांजराचं, सगळं एकच. सवय झाली होती, आपल्यासाठी नाही म्हणून पुढे जायचं.

मॅस्टोडॉनवर पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी डोशाचा फोटो टाकला होता आणि फोनने वाचलं, तव्याच्या कडेला तूप सुटलंय, डोसा मधोमध सोनेरी आणि कडेला काळपट, बाजूला स्टीलच्या वाटीत चटणी, वाटीला एक पोचा आलाय. मी ऑफिसमध्ये होतो. पोचा आलेली वाटी! कुणीतरी ते माझ्यासाठी बघितलं आणि लिहून ठेवलं. तिथे चित्राचं वर्णन १५०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं आणि लोक खरंच लिहितात. वर्णन नसलेला फोटो पुढे न पाठवणारे पण बरेच आहेत. मेगालोडॉनमध्ये वर्णन राहिलं तर अ‍ॅप आठवण करून देतं. टस्कीत टॉकबॅकच्या मेनूतूनच उत्तर, बूस्ट सगळं करता येतं, बटणं चाचपडत बसावं लागत नाही.

मराठी लोकांना माझी एकच विनंती. तिथे येताय तर फोटोला मराठीतून वर्णन लिहा. इंग्रजीतून भरपूर ऐकलं. वाफाळलेलं, भुरभुर, चिखलाने बरबटलेलं, असे शब्द फोनकडून ऐकायला मिळाले तर मला किती बरं वाटेल तुम्हाला सांगता येत नाही.

---

पक्षीवेडा | ११ जून, रात्री ८:५२

कानसेन, वर्षभर फ्लेमिंगो टाकतोय आणि एकालाही वर्णन नाही. आज रात्री जुन्या पोस्टी उघडून लिहायला बसतो, नंतरही घालता येतं.

---

चाफेकळी | ११ जून, रात्री ९:१५

हा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

---

ठाणेकाका | १२ जून, सकाळी ६:४०

कानसेन, मी निवृत्त शिक्षक आहे, वर्णन लिहायचं काम मला जमेल. खारीबिस्किट, मला सर्व्हर निवडून दे बाबा. मध्यम आकाराचा, आणि सेक्रेटरी तब्येतीने बरा असलेला.

---

खारीबिस्किट | १२ जून, सकाळी ९:०३

हाहाहा काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय!

---

सहाबावन_स्लो | ४ जुलै, रात्री १०:२०

धागा वर काढतोय, काय झालं ते सांगायला.

सर्व्हर बदलला, मोठा घेतला. टॅग फॉलो केले. रोज जाताना तीन अनोळखी माणसांना उत्तर लिहायचं ठरवलं आणि पाळलं. पहिले चार दिवस अवघडल्यासारखं झालं, मग एकाने उलट विचारलं, मग दुसऱ्याने. आता साधारण ६० माणसं आहेत, त्यातली १४ मराठी, दोन तर डोंबिवलीतलीच निघाली, एक माझ्याच गाडीला असतो, पुढच्या डब्यात. टाइमलाइन वाचून संपते हे मला फार आवडलं. संपलं की फोन खिशात.

अडचण एकच राहिलीय. परवा पाऊस झाला तेव्हा गाड्या कुठे अडकल्यात ते कळेना, कारण रेल्वे आणि पालिका यांची माहिती अजून जुन्या ठिकाणीच येते. त्यासाठी जुनं खातं ठेवलंय, फक्त बघायला. पुढच्या डब्यातला आणि मी मिळून आता आम्हाला जे दिसतं ते मॅस्टोडॉनवर मुंबई टॅग लावून टाकतो, गाडी कुठे थांबलीय, ट्रॅकवर पाणी किती.

---

कानसेन | ४ जुलै, रात्री १०:४७

मुंब्र्याच्या धबधब्यांचा फोटो तुम्हीच टाकला होतात ना मंगळवारी? डोंगरावरून तीन पांढऱ्या रेघा, मधली जाड, आणि दारात उभ्या मुलाने हात बाहेर काढलाय. मी ते गोवंडीला ऐकलं. मुंब्र्याच्या त्या मार्गाने लहानपणी मामाकडे जायचो, पाण्याचा आवाज आठवतो पण डोंगर कुठल्या बाजूला येतो ते कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी डावीकडे की उजवीकडे तेही लिहा.

---

सहाबावन_स्लो | ४ जुलै, रात्री १०:५५

डोंबिवलीहून येताना कुठल्या हाताला येतो ते उद्या सकाळी नीट बघतो आणि तिथूनच लिहितो. मधली रेघ अजून जाड झाली असेल तर तेही.